लिस्बनला येतेस का?

२ फेब्रुवारी, रवि.
ताईचा मेसेज. दिवाळीनंतर पहिलाच. "मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी आम्हाला इकडे सुट्टी असते. तुम्हालाही त्याच दिवशी असते म्हणे. शुक्र ते सोम लिस्बनला येतेस का? दोघीच."
ड्रायरमधले कपडे काढत होते. वाचल्यावर एकाच टॉवेलची घडी तीनदा घातली.
ती इंग्लंडात लीड्सला, मी इथे अमेरिकेत, कॅरीत. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून वाढदिवस आणि दिवाळी एवढंच बोलणं, तेही फोनवर टाइप करून. भेट नाहीच.
उत्तर दिलं नाही. 

४ फेब्रु.
"येते." एवढंच लिहिलं. दोन दिवस लागले.
नवऱ्याला सांगितलं. महेश म्हणाला, "लिस्बनच का?" मलाही माहीत नाही. तिला विचारावं तर वाटलं, तिचा विचार बदलेल.

११ फेब्रु.
आज डबा गाडीतच खाल्ला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, पाइनच्या झाडांखाली, काचा बंद करून. फोनवर लिस्बनच्या रस्त्यांतून बोटाने चालत गेले. सगळा चढ. पायऱ्या, पायऱ्या, मग एक वळण, आणि वळणावर अचानक नदी, इतकी रुंद की समुद्रच वाटावा. एका गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. पिवळा फ्रॉक, दोन चादरी. फोटो काढला तेव्हा वारा असणार, चादर अर्धी उडालेली आहे. ती तशीच उडत राहिली आहे, कधीपासून कोण जाणे.
एकची मीटिंग चुकली. मी तिथेच उभी होते त्या घराखाली.

२३ फेब्रु., रवि.
ताईचा फोन! म्हणजे मीच केला, पण तिने पहिल्या रिंगला उचलला.
तिचा आवाज आईसारखा झालाय. हे तिला सांगितलं नाही.
पंचवीस मिनिटं बोललो आणि सगळं हॉटेल, ट्राम, चालायचे बूट. तिचे गुडघे दुखतात, म्हणून राहायचं ठिकाण खालच्या सपाटीवर हवं. मी म्हटलं, चढावर ट्राम जाते. ती म्हणाली, ट्रामला गर्दी असते, सकाळी आठच्या आत जाऊ. दाताच्या दवाखान्यात वीस वर्षं अपॉइंटमेंटा देतेय, सगळ्यांना वेळ नेमून देण्याची सवय आहे. मला बरं वाटलं. लहानपणीही अलिबागला जत्रेत कुठल्या पाळण्यात आधी बसायचं हे तीच ठरवायची.
बाबांचा विषय दोघींनीही काढला नाही. नकाशावर राहिलो.

९ मार्च, रवि.
आमची घड्याळं आज पुढे गेली, त्यांची महिनाअखेरीस जाणार. तीन आठवडे आमच्यात पाचऐवजी चारच तासांचं अंतर. ताईला लिहिलं, एक तास जवळ आलीस. तिने नुसता हसरा चेहरा पाठवला. पण पाठवला.

१९ मार्च
पोर्तुगीज शिकतेय, फोनवर, रोज दहा मिनिटं. सकाळी भांडी घासता घासता ती बाई बोलते आणि मी तिच्यामागून. आज एकदम थांबले. बटाट्याला बटाटाच म्हणतात! बादलीला जवळजवळ बादली. किल्लीला जे म्हणतात ते ऐकलं आणि कळलं, ही आपली चावी. कोबी, पाव. आपल्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं बसलेले पाहुणे.
ताईला यादी पाठवली. तिचं उत्तर: "आणि पगार? तोही त्यांचाच." मग लगेच दुसरं: "अननस." मग: "इस्त्री." अर्धा तास हेच. दवाखान्यात पेशंट बसले असतील तिच्यासमोर.
इरा खाली आली. मी एकटीच हसत होते. "आई, व्हॉट इज हॅपनिंग?" सोळा वर्षांच्या मुलीला काय सांगणार, बादलीवर हसतेय म्हणून?
त्या शहराला अजून पाहिलं नाही, पण आता ते ओळखीचं वाटतं. स्वप्नात मी तिथल्या बाजारात भाव करते आणि बाई मला कळेल अशा भाषेत नाही म्हणते.

२९ मार्च
मंडळाच्या कार्यक्रमात शोभाकाकू भेटल्या. रिटायर झालेल्या डॉक्टर, आम्ही इथे आलो तेव्हा पहिलं जेवण त्यांच्याकडेच. सुट्टीत काय, विचारलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही चाळीस वर्षं सुट्टी म्हटली की भारतातच. दुसरं काही असतं हे कुणी सांगितलंच नाही." मग म्हणाल्या, "बहिणीबरोबर जातेस ते फार छान करतेस."
मी फार छान करतेय असं सगळ्यांना वाटतंय.

६ एप्रिल, रवि.
हॉटेल ठरलं. निळ्या फरशांची भिंत असलेलं, नदीपासून दोन गल्ल्या. फोन ठेवायच्या बेताला आलो होतो आणि ताई म्हणाली, "नंदू, थांब."
मग म्हणाली, "मी तुला बाबांच्या वेळी फार बोलले होते. वकिलाने जायचंच नाही म्हणून सांगितल्यावर तू तरी काय करणार होतीस? मला हे केव्हाच कळलं होतं. कबूल करवत नव्हतं."
मी म्हटलं, "असू दे गं."
असू दे गं! काय बाई आहे मी.

८ एप्रिल
इथे तरी खरं लिहावं.
वकिलाने जायचंच नाही असं म्हटलं नव्हतं. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा माझी नोकरी नुकती बदलली होती, व्हिसाचे कागद अडकले होते, पासपोर्टातला शिक्का संपलेला. तो म्हणाला होता, "गेलात तर परत यायला वेळ लागू शकतो, कदाचित महिने. बहुतेक येता येईल. निर्णय तुमचा." निर्णय मी घेतला. इरा पाच वर्षांची, घर नुकतं घेतलेलं, नवी नोकरी. मला वाटलं बाबा अजून थोडे... मला वाटलं वेळ आहे.
ताईला फोनवर सांगितलं, वकील सोडत नाही. आई आधीच गेलेली. लीड्सहून जाऊन तीन आठवडे तिने एकटीने काढले अलिबागच्या हॉस्पिटलात. अग्नीही तिनेच दिला.
मग ती मला म्हणाली होती, तुला कागदच महत्त्वाचे. मी चिडले होते. खरं बोलली म्हणून चिडले होते.

१३ एप्रिल
अंगणात, गाडीवर, सगळीकडे पाइनचा पिवळा पराग. बोटाने गाडीच्या काचेवर नदी काढली, चढ काढला. महेश बघत होता. त्याला विचारलं, ताईला सांगू का. त्याला सगळं माहीत आहे, वकिलाकडे आम्ही दोघंच गेलो होतो.
तो म्हणाला, आता कशाला. तिला हलकं वाटतंय, तुलाही वाटेल. चार दिवस मजेत फिरा. हे सांगून तू तिचं काय भलं करणार आहेस?
त्याचं चूक आहे असंही नाही.

२२ एप्रिल
पोर्तुगीजच्या धड्यात आज माफी मागायचे शब्द. दोन आहेत. एक धक्का लागला की म्हणायचा, दुसरा खरोखरीचा. बाईने दोन्ही एकाच आवाजात म्हटले. मी दोन्ही पाठ केले.
ताईने चार दिवसांची आखणी पाठवलीय. शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी झोप. तिने झोपेला वेळ दिलाय! रात्री गाणं ऐकायला जायचं, तिथल्या बायका शाल पांघरून उभ्या राहून गातात म्हणे. वाचता वाचता डोळ्यांपुढे आम्ही दोघी, एका छोट्या टेबलाशी, मेणबत्ती, ताईचे डोळे मिटलेले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघतेय आणि तिला माहीत नाही.
तिला माहीत नाही. स्वप्न तिथेच तुटतं दर वेळी.

१ मे
ठरवलं होतं, तिथे गेल्यावर सांगेन. नदीकाठी, शेवटच्या संध्याकाळी. आज कळलं की हा भित्रेपणा आहे. परक्या गावात, एका खोलीत, परतीचं विमान दुसऱ्या दिवशी. रागावून तिने जायचं कुठे? तिच्या घरात असतानाच तिला सांगायला हवं. दार लावून घेता येईल असं.

४ मे, रवि.
सांगितलं.
सकाळी नऊला, तिच्याकडे दुपारचे दोन. आधी लिहून काढलं होतं. कागद समोर असून उपयोग झाला नाही. वकील काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं.
 मागे तिच्याकडे किटली उकळून बंद झाल्याचा आवाज आला.
"म्हणजे तू येऊ शकत होतीस."
"हो."
"बाबा दाराकडे बघायचे, तेव्हा मी त्यांना सांगायचे, तिला येऊच देत नाहीयेत हो. रोज सांगायचे."
समोरचा कागद मी उलटा केला.
"ठेवते," म्हणाली. ठेवला.
महेशने चहा आणून ठेवला.  बरं केलं.

१० मे
काही नाही. मेसेज नाही. मी दोन लिहिले, पुसले.

१४ मे
महेश म्हणाला, कॅन्सल करू या का. मी म्हटलं, तिने येत नाही असं म्हटलेलं नाही. तो म्हणाला, येतेय असंही म्हटलेलं नाही. बरोबर.
पण मी जाणार. ती नाही आली तर एकटी चढ चढेन. आश्चर्य म्हणजे ते शहर अजून दिसतं. पुसलं जाईल असं वाटलं होतं. उलट जास्त स्पष्ट झालंय. आता त्यात मी खोटी नाही म्हणून असेल. ताई मात्र त्यात कधी असते, कधी नसते.

१८ मे, रवि.
बॅग काढली. दोन कुडते, रेनकोट, गुडघ्याची मलमं. मला गुडघ्याचा त्रास नाही.
इरा कॉटवर बसून बघत होती. तिला परवा सगळं सांगितलं. आजोबा तिला जेमतेम आठवतात. ती म्हणाली, "आई, यू वेअर स्केअर्ड." मी म्हटलं, हो. "मावशी वॉज स्केअर्ड टू, प्रॉबॅब्ली. बट शी वॉज देअर." मग माझ्याजवळ येऊन बसली. कोणाची मुलगी आहे ही, इतकं सरळ बोलणारी?

२१ मे, बुध.
ऑफिसात असताना ताईचा मेसेज. सतरा दिवसांनी.
"माझं विमान शुक्रवारी अकरा चाळीसला उतरतं. तुझं सकाळी सातला ना? बाहेर पडू नकोस. तिथेच थांब."
बस्स. ना नंदू, ना काही.
महेशने वाचला. त्याला वाटतं अजून रागात आहे. इराने वाचला. ती म्हणाली, "इट सेज शी इज कमिंग. दॅट्स ऑल इट सेज."
मी लिहिलं, थांबते.

२३ मे, शुक्र. लिस्बन, विमानतळ
उतरताना खिडकीतून नदी दिसली. सकाळच्या उन्हात दुधासारखी, वर एक लांबलचक पूल, त्यावरून मुंगीएवढ्या गाड्या. शेजारच्या म्हातारबाईने खिडकीकडे बघून हात जोडले. मीही जोडले, कशाला ते कळलं नाही.
चार तास चाळीस मिनिटं. दारातून माणसं येतात, कोणी धावत जातं, कोणी कोणाला शोधत राहतं. एका आजोबांच्या हातात पाटी होती, त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, ते ती छातीशी धरून हसत उभे होते. ज्यांची वाट बघत होते ते आले, पाटीकडे कोणी पाहिलंही नाही.
काय बोलायचं याची तयारी केली होती. आता आठवत नाही.
अकरा वर्षांत माझे केस पांढरे झालेत. तिचेही झाले असतील. मी आधी ओळखेन की ती? बोर्डावर तिचं विमान उतरल्याचं आलंय. सामान घेऊन बाहेर यायला वीस मिनिटं तरी.
उठून उभी राहिले. परत बसले. तिला लांबून मी बसलेली दिसावी की उभी—