दोष पायात की पेटीत

मंगळवार, दिनांक ४ मार्च, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटे. (वेळ मोटारीतल्या घड्याळाची आहे. त्या गाडीत तुझा हात न लागलेली तेवढी एकच वस्तू उरली आहे, म्हणून ती अजून बरोबर चालते.)

चि. फ्यूज यास मावशीचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? सूनबाईंची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, वाकून काही उचलू नकोस, उचलायला नवरा केला आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण ते खोटं होईल. शाळेत आमच्या सिस्टर एका खोट्याला शंभर ओळी लिहायला लावत, आणि माझा हात आता शंभर ओळींचा राहिलेला नाही. पाय मात्र ठणठणीत आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेव, त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

वर लिहिलेल्या मिनिटाला, तू मोठ्या हौसेने बसवलेल्या पेटीने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, मला भर चौकात दगा दिला. सिग्नल हिरवा झाला, मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दाबला. गाडी चार हात पुढे गेली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. मागे एक बस, बसच्या मागे काँक्रीट घुसळणारा तो फिरत्या पोटाचा ट्रक, आणि शेजारच्या सीटवर तुझी आई. ट्रकवाल्याने हॉर्न दिला त्याचं मला काही वाटलं नाही. तुझी आई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "अगं, पाय थरथरला का तुझा?" त्याचं वाटलं. ताईचा आवाज आयुष्यात दोनदाच मऊ झाला आहे. पहिल्यांदा झाला तो आमचे हे, तुझे काका, गेले तेव्हा.

दुपारपर्यंत बातमी माझ्या लेकीकडे पोचली. (मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, पण इतकी जलद जोडणी मलाही कधी जमली नाही.) लेक म्हणते, "आई, वय झालं की क्लच सुटतो पायातून, त्यात लाजायचं काय? आपण ड्रायव्हर ठेवू." मी लाजत नव्हते, संतापले होते. संतापात बोलून गेले की दोष माझ्या पायाचा निघाला तर शनिवारी बावीस तारखेला अकरा वाजता ताईच्या हातात किल्ली ठेवीन. आता बोलले आहे, शब्द फिरवणार नाही. पण तुला ठाऊक आहे, अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ही गाडी शिकले तेव्हा शिकवणारा पहिल्याच दिवशी डोकं धरून बसला होता. तेव्हापासून मी कुणाला विचारून कुठे जात नाही. या वयात जो तो विचारतो, "मावशी, कुठे सोडू?" मला सोडलेलं आवडत नाही. मी आपली आपण जाते.

तेव्हा दोष पायात की पेटीत, हे मी स्वतः शोधायचं ठरवलं. जुनी पेटी जळली, तशी आता कुठे मिळत नाही, म्हणून शर्यतीच्या गाड्यांची ही पेटी तू काकांच्या शांत स्वभावाच्या गाडीत बसवलीस. कार्यालयीन कारकुनाला पैलवानाचं डोकं लावावं तसं झालं, पण मी काही बोलले नाही. तू बोनेटखाली तारांचा जो पसारा करून गेलास, त्यालाही बोलले नाही. हिरवी इकडे, पिवळी तिकडे, एक काळी तर सगळ्यांशी भांडण झाल्यासारखी लांबून एकटीच गेलेली. तू गेल्यावर मीच दोन तास उभी राहून सगळं आवरलं, घट्ट तीन पेडी वेणी घातली आणि टोकाला निळी रिबन बांधली. माझ्या शाळेत अशा तारांना प्रार्थनेला उभं केलं नसतं. (आभार मानायची गरज नाही.)

तू ठेवून गेलेला कागद समोर धरून, तू लिहिलंस तसं एका वेळी एकाच गोष्टीला हात लावला. पहिल्या दिवशी बॅटरी. तारांची टोकं घासून लख्ख केली, मीटर लावला, साडेबारा व्होल्ट भरले. गाडी सुरू झाली, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत शहाण्यासारखी गेली, आणि चढावर जोर दिल्याबरोबर मेली. दुसऱ्या दिवशी अर्थिंग. तुझ्या कागदात म्हटलंय की अर्धे बिघाड तिथेच सापडतात. मी बोल्ट सोडला, खालचा रंग कानशीने खरवडून उघडा पत्रा काढला, बोल्ट पिळून आवळला. पुन्हा तोच चढ, पुन्हा तेच मरण. औषधवाला आता मला बघितलं की स्टूल बाहेर आणून ठेवतो. तिसऱ्या दिवशी रिले, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी ती डबी. एक काढून दुसरी लावली, टक् असा आवाज कान लावून ऐकला. तो आवाज मला ओळखीचा, एक्स्चेंजमध्ये अशा हजार रिले टकटकत आणि एकीचाही सूर बिघडला तर मला झोपेत कळे. रिले चांगली होती. रात्री अंथरुणावर पडून मी क्लचचा डावा पाय वर केला आणि शंभरपर्यंत मोजलं. थरथरला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. बघ, काय वेळ आणलीस माझ्यावर. सत्तराव्या वर्षी मी माझ्याच पायाकडे चोराकडे बघावं तशी बघते आहे.

चौथ्या दिवशी तुझा लॅपटॉप जोडला. (एका हाताने. दुसऱ्या हाताने चष्मा धरला होता, त्याचा स्क्रू पडला आहे.) तुझी पेटी दर अडखळीची नोंद ठेवते हे मला आधी का सांगितलं नाहीस? नोंद स्वच्छ आहे. इंजिन किती फिरलं ते त्याच्यावरच्या दातेरी चाकाचे दात मोजून कळतं, आणि ती मोजणी एकवीस वेळा चुकली आहे. जोर दिला की चुकते, चुकली की इंजिन बंद. म्हणजे पेटी स्वतःच कबूल करते आहे की तिला धड मोजताही येत नाही! मी शंभरपर्यंत मोजते, तेही पाय वर करून. आता सांग, किल्ली कुणाकडून काढून घ्यायची?

तेव्हा आपली पेटी काढून घेऊन जा, आणि लहानपणी आमच्या घरातले सगळे दिवे घालवलेस तेव्हा पडलेलं नाव तू अजून सार्थ करतो आहेस हे आईला स्वतःच्या तोंडाने सांग.

तुझी,
मावशी
(रविवार, ९ मार्च)

ता.क. सोमवार. पत्र टाकायचं राहिलं, बरं झालं. आज गल्लीच्या तोंडावरचा गाड्यांचा वायरमन आला. त्याने बोनेट उघडलं, आत बघितलं, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून हसत बसला. "बाई, ही गाडी आहे की शाळेला निघालेली पोर?" मी म्हटलं, कामाचं बोला. तो म्हणाला, दात मोजणारी तार कुजबुजते आणि ठिणगीच्या कॉइलची तार बोंबलते, दोघींना एका वेणीत गुंफल्यावर पेटीने ऐकायचं कुणाचं? जोर दिला की ठिणग्या वाढतात, ओरडा वाढतो, पेटी त्यालाच दात समजते. ती लांबून एकटी गेलेली काळी तार, दात मोजणारी, भांडखोर नव्हती म्हणे, तिला मुद्दाम लांब ठेवलं होतं. फ्यूज, मी एकतीस वर्षं एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं मिसळल्याच्या तक्रारी घेतल्या. रोज वीस. आणि मला हे सुचू नये?

ता.क. दोन. मंगळवार. रिबन सोडली, काळी तार होती तशी लांबून नेली. औषधाच्या दुकानाचा चढ सहा वेळा चढले, तीनदा मुद्दाम थांबून. नोंदीत एकही चूक नाही. औषधवाल्याने स्टूल आत नेलं, जरा हिरमुसलेला दिसला. मग सहज तुझा कागद उलटा केला तर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात, दोनदा अधोरेखित: "तारा आहेत तशाच राहू देत. काळी तार वीतभर लांबच हवी. आवरू नकोस, मावशी." कागदाच्या मागच्या बाजूला लिहिणं आमच्या शाळेत असभ्य समजत, त्यामुळे मागे बघायची मला सवय नाही. यात चूक तुझीच.

ता.क. तीन. पेटी नेऊ नकोस. वरचं पत्र फाडून टाकणार होते, पण इतकं मनापासून बरेच दिवसांत लिहिलं नव्हतं, म्हणून राहू दिलं. आता खरं काम. तू कागदावर, पुढच्या बाजूला, सहीनिशी लिहून पाठव की दोष विजेचा होता आणि वाहन चालवणाऱ्या व्यक्तीच्या पायाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे अक्षरशः खरं आहे, पाय निर्दोषच आहे. हातांबद्दल कुणी विचारलेलं नाही, तेव्हा वेणीबद्दल एक अक्षर नको. रिबनबद्दल तर मुळीच नको. फोन करू नकोस, फोनवर तू आईला दोन मिनिटांत सगळं सांगून मोकळा होशील. लेखी उत्तर शुक्रवार, एकवीस तारखेला दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे, कारण शनिवारी अकरा वाजता ताई किल्ली घ्यायला येते आहे, आणि तिला घरी सोडायला मलाच जायचं आहे.