कागदावर न चढलेलं दूध

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून संशोधन. वीस वर्षं कॉलेजात दुसऱ्यांचं रसायनशास्त्र शिकवलं, आता स्वतःचं. कल्पना सोपी आहे. थोर कल्पना सोप्याच असतात. फिल्टर पेपरची बोटभर पट्टी, दोन्ही कडांना मेणाची रेघ, मधून दुधाला वाट. खालचं टोक दुधात बुडवायचं. दूध आपोआप वर चढतं आणि वरच्या रंगाच्या ठिपक्याला भिडतं. ठिपका पिवळट राहिला तर म्हैस ठणठणीत. निळा झाला तर कासेला सूज. कॉलेजचं संशोधन प्रदर्शन १५ फेब्रुवारीला. वेळ भरपूर.

८ जानेवारी
मेण वितळवायला भाकरीचा तवा घेतला. पाण्याची टेस्ट यशस्वी, चाळीस सेकंदांत टोकाला. इंद्रायणी म्हणाली, भाकरीला वाढदिवसाचा वास येतोय. शास्त्रज्ञांच्या बायकांना एवढं सोसावंच लागतं. रविवारी नवा तवा आणायचा.

९ जानेवारी
म्हशीचं ताजं दूध: नऊ मिनिटं. ठीक. काकवी: बुडाशीच बसली. मध: पट्टी बाटलीत अडकली, अजून तिथेच आहे. माझी एमएस्सीची विद्यार्थिनी अक्षता (हुशार, पण प्रश्न फार) म्हणाली, सर, घट्ट पदार्थ कागदात शिरतच नाही, आधी त्याचं बघायला हवं. तिला सांगितलं, काकवी आजारी पडत नाही. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

१४ जानेवारी
गड्ड्याची जत्रा. काम नाही. गर्दीत विचार मात्र चांगला होतो. तवा राहिला.

२० जानेवारी
घट्ट दुधावर उपाय. वाट रुंद केली: दूध मेणाखालून टेबलावर. मग दुधात पाणी घातलं: भराभर चढलं, पण रंग पाण्याचाच आला. इंद्रायणीने विचारलं, दुधात पाणी घालण्याला कॉलेजात संशोधन म्हणतात का. दुधाचा प्रश्न तात्पुरता सुटला असं धरून पुढे जातो.

२७ जानेवारी. सकाळी ८
पहिला खरा पेशंट. मुक्ताबाई कुंभारी गावाहून येऊन आमच्याकडे रतीब घालतात. म्हणाल्या, म्हशीचं एक सड कालपासून गरम लागतंय. त्याच सडाचं दूध वेगळ्या बाटलीत आणलं होतं. पट्टी बुडवली. वीस मिनिटांत दूध करंगळीच्या नखाएवढं चढलं आणि थांबलं. ठिपका पिवळाच. मी जाहीर केलं, म्हैस ठणठणीत. मुक्ताबाई पट्टीकडे बघत म्हणाल्या, पर मास्तर, दूध तितवर पोचलंच न्हाय की. म्हटलं, इतकी निरोगी आहे की पोचायची गरजच पडली नाही. वाक्य चांगलं जमलं. भाषणात घालायचं.

२८ जानेवारी
रतीब नाही. पिशवीचं दूध.

३० जानेवारी
मुक्ताबाई आल्या. कासेला सूज होतीच. माझा निकाल ऐकून त्या घरी गेल्या, म्हशीला हात लावून बघितला आणि थेट जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस काढले असते तर सड कायमचं गेलं असतं. मला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चूक पट्टीची नव्हे, नमुना नीट (हे खोडलं). भाकरी अर्धीच गेली.

१ फेब्रुवारी
अक्षता ती वाळलेली पट्टी घेऊन कुंभारीला जाऊन आली. मुक्ताबाई तिला म्हणाल्या, चांगलं दूध कागदावर चढतंय, बिघडलेलं खालीच बसतंय, मला तवाच कळलं, रंग कशाला पायजे. आता अक्षता पट्टीवर पेन्सिलीने रेघा मारते आणि दहा मिनिटांत दूध कितव्या रेघेपर्यंत चढलं ते बघते. हे बालवाडीचं काम झालं. तरी करू दिलं.

१२ फेब्रुवारी
गोठ्यांतून चाळीस नमुने. सदतीस वेळा पट्टीचा आणि डॉक्टरांचा निकाल एकच. माझा ठिपका तिने काढूनच टाकला आहे. पण पट्टी मूळची माझी, त्यामुळे श्रेय कुणाचं ते उघड आहे. भाषणात अक्षताचा उल्लेख करीन. दोनदा.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी
पहिला नंबर. टेबलामागे अक्षता आणि मुक्ताबाई, मी बाजूला, भाषण खिशात. परीक्षकांनी सगळे प्रश्न त्या दोघींनाच विचारले. मुक्ताबाईंनी गरम सड हाताला कसं लागतं हे सांगितलं तेव्हा ते लिहून घेत होते. जाता जाता माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण. अक्षता तोंड उघडणार, तेवढ्यात मुक्ताबाई म्हणाल्या, हे आमचे मास्तर, कागद लई सरळ कापत्यात.

परीक्षकांनी मान डोलावली. मी काही दुरुस्ती केली नाही.

कुंभारीला सोमवारी दोनशे पट्ट्या पाहिजेत. कापायला बसतो.