फक्त मलाच विकलेली गिऱ्हाइकं

१ जुलै, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून मी स्वतंत्र आरोग्य विमा सल्लागार. एजंट हा शब्द वापरायचा नाही. एजंट म्हटलं की लोक दार अर्धंच उघडतात. परीक्षा पास, लायसन्स हातात, ट्रान्सपोर्ट कंपनीतली हिशेबनीसाची नोकरी सुटली. म्हणजे मीच सोडली.

बायकोशी करार झाला आहे. या महिन्यात दहा पॉलिसी. नाही झाल्या तर एक तारखेपासून मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरवर बसायचं. मी ताबडतोब हो म्हटलं. दहा म्हणजे तीन दिवसांतून एक. तीन दिवसांत तर माणूस आजारी पडून बराही होतो.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज चाळीस फोन. नातेवाईक, शेजारी, ओळखीपाळखीचे यांच्या मागे लागायचं नाही म्हणजे नाही. ती हलक्या एजंटांची कामं.

२ जुलै, मंगळवार

उठायला साडेआठ वाजले. शरीराला बदलाची आधी कल्पना द्यावी लागते.

गॅलरीत ऑफिस थाटलं. शिवणयंत्रावर फळी, फळीवर रजिस्टर, कामासाठी वेगळा बटणांचा फोन. डोक्यावर कपडे वाळत असतात, पण फोनवर ते कोणाला दिसत नाहीत. आईने येऊन विचारलं, की तिच्या गुडघ्याचं काही बसेल का विम्यात. मागोमाग हिने विचारलं, की नोकरीबरोबर कंपनीचा विमाही गेला, तर आता आपलं काय. दोघींनाही सांगितलं, की आधी बाहेरचे क्लायंट, घरचं सावकाश. घरातच सल्लागार असल्यावर घाई कसली.

४ जुलै, गुरुवार

चाळीसपैकी तीन फोन झाले. कोणाला करायचे हा प्रश्न होता. तो आज सुटला.

एका लीड विकणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. फार हुशार माणूस. विमा घ्यायची इच्छा असलेले लोक इंटरनेटवर फॉर्म भरतात, कंपनी त्यांची नावं-नंबर आपल्याला विकते. आपण फक्त फोन करायचा आणि सही घ्यायची. सिल्व्हर पॅकमधली नावं बऱ्याच एजंटांना मिळतात, प्लॅटिनममधली फक्त एकाला. पंचवीस सिल्व्हर घेतल्या. गळाला लागलेला मासा कोणी सोडत नाही, असं तो म्हणाला. मासा कोण ते मी विचारलं नाही, उघडच आहे.

५ जुलै, शुक्रवार. दुपारी ४

पंचवीस फोन झाले. सात नंबर अस्तित्वातच नाहीत. एका बाईंना मी प्लंबर वाटलो, त्यांनी पत्ता देऊन लवकर यायला बजावलं. अकरा जणांनी फॉर्म भरला होता तो ब्लडप्रेशरचं मशीन फुकट मिळणार होतं म्हणून. त्यांनी मशीन कधी येणार असं विचारलं. एकाने फार वाईट भाषेत विचारलं. एक आजी मात्र चाळीस मिनिटं बोलल्या, तीन ऑपरेशनांची साद्यंत हकीकत सांगितली. वय एक्याऐंशी. पॉलिसी मिळणार नाही, पण संबंध जोडला गेला.

रजिस्टरमध्ये आजींसमोर 'उत्तम प्रतिसाद' असं लिहिलं.

८ जुलै, सोमवार

लीडवाल्याला झाडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, की साहेब, सिल्व्हर तुमच्या लेव्हलच्या माणसासाठी नाहीच. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. प्लॅटिनम घेतलं. पैसे आमच्या दोघांच्या खात्यातून. हिला संध्याकाळी सांगणार आहे.

९ जुलै, मंगळवार

काल संध्याकाळी हिचा मूड बरोबर नव्हता.

आता मी काही दुधखुळा नाही. यादी यायच्या आधी माल तपासायचं ठरवलं. कंपनीचा फॉर्म स्वतःच भरला. खोटं नाव दिलं, माणसं चार आणि एक आई. माझे दोन्ही नंबर त्यांच्याकडे आहेत, म्हणून हिचा दिला. अकरा मिनिटांत हिचा फोन वाजला. संध्याकाळपर्यंत नऊ एजंटांचे फोन आले. ही वैतागली. मी म्हटलं, राँग नंबर असतील.

निष्कर्ष: सर्व्हिस उत्कृष्ट.

थोडी शंका आली. प्लॅटिनम एकालाच देतात, तर नऊ फोन कसे. लीडवाल्याने खुलासा केला, की बाकीचे आठ जण नियम मोडणारे आहेत आणि त्यांच्यावर कारवाई चालू आहे. समाधान झालं.

१२ जुलै, शुक्रवार

प्लॅटिनमची यादी आली. पहिल्या गृहस्थांनी सांगितलं, की मी त्यांना फोन करणारा अकरावा. दुसऱ्यांनी चौदावा. याचा अर्थ मागणी जबरदस्त आहे.

तिसरा खुद्द एजंट निघाला. त्यानेही माझ्यासारखाच फॉर्म भरून बघितला होता. वीस मिनिटं आम्ही एकमेकांना कॅन्सरची भीती घातली. तो माझ्यापेक्षा बरा बोलतो. मी घेतच होतो त्याच्याकडून, तेवढ्यात आईने हाक मारली म्हणून वाचलो.

१६ जुलै, मंगळवार

आज समोरासमोर भेट. एक शिंपी, स्वतःचं दुकान, स्वभावाने गरीब. खरोखर पॉलिसी हवी होती त्याला. पण त्याला साखर आहे, आणि साखरेचा खर्च विमा कधीपासून देतो असं त्याने विचारलं. प्रश्न अनपेक्षित होता. म्हटलं, कंपनीला विचारून कळवतो, आणि साखरेचा एवढा बाऊ कशाला, मलाही डॉक्टर सांगतात, मी लक्ष देत नाही. त्याने चहा दिला, मी दोन चमचे घालून घेतला, त्याला धीर यावा म्हणून.

१८ जुलै, गुरुवार

शिंप्याला फोन केला. त्याने काल दुसऱ्याकडून घेतली. लोकांना दम नाही.

वाचायला म्हणून पॉलिसीच्या अटींचं पुस्तक उघडलं. अक्षर फार बारीक. चष्म्याचा नंबर बदलल्यावर वाचायचं ठरवलं आहे.

२० जुलै, शनिवार

मेहुणा येऊन गेला. तासभर बसला. गॅलरीत डोकावला, रजिस्टर न्याहाळलं, दोन-तीनदा म्हणाला, की काय मग दाजी, धंदा जोरात दिसतोय, आम्हाला काही सांगत नाही. मी ओळखलं. माझं कुठे बिनसतंय हे बघायला आला होता. काउंटरच्या खुर्चीचं माप घ्यायला. मी कानाला फोन लावून बसलो आणि बंद फोनवर एका मोठ्या क्लायंटशी बोलत राहिलो. तो कंटाळून उठला. जाताना घुटमळला, काहीतरी बोलणार होता. मी हातानेच बाय केलं.

पॉलिसी अजून शून्य. पण पाया भक्कम आहे.

२४ जुलै, बुधवार. सकाळी ११

प्लॅटिनमच्या यादीतला शेवटचा नंबर. पुरुषाचं नाव, माणसं चार आणि एक आई. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. चांगलं लक्षण. फोन लावला, आणि आत स्वयंपाकघरात हिचा फोन वाजला. एकाच क्षणी दोन फोन, गंमत वाटली. हिने तिकडे उचलला, इकडे माझाही कोणीतरी उचलला. दुसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं. तिच्या त्याआधीच आलं असावं, कारण गॅलरीचं दार उघडंच होतं. तरी तिने ठेवला नाही. मग मीही नाही ठेवला, लीडचे पैसे भरले आहेत. अचानक आलेलं आजारपण, हॉस्पिटलचं बिल, बायकामुलांचे चेहरे, सगळं स्क्रिप्ट म्हणून दाखवलं. महिन्याभरात पहिल्यांदाच कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

शेवटी तिने सांगितलं, की आधी फोन केलेल्यांपैकी एका बाईंशी बोलणं पक्कं झालं आहे, त्या एकतीस तारखेला सह्या घ्यायला येणार आहेत. आपला नंबर या यादीत कसा, हे तिने विचारलं नाही. जेवण वाढलं आहे एवढं म्हणाली.

२९ जुलै, सोमवार

दोन दिवसांत दहा. रोज पाच. अशक्य असं काही नाही. लीडवाल्याने नवीन डायमंड पॅकबद्दल सांगितलं. खात्यात तेवढे शिल्लक नाहीत, हे बँकेने कळवलं. हिलाही कळवलं, खातं दोघांचं असल्यामुळे. हिने पासबुक आणून माझ्या रजिस्टरवर ठेवलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

३१ जुलै, बुधवार. संध्याकाळी ६.३०

बाई आल्या. पन्नाशीच्या, साध्या. आल्या आल्या आईजवळ बसून गुडघ्याबद्दल विचारलं. आई अर्धा तास बोलली, त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, की साखर आहे का. मी नाही म्हटलं. हिने कपाटातून माझ्या रिपोर्टांची फाइल आणून त्यांच्यासमोर ठेवली. माझ्या साखरेला दोन वर्षं थांबावं लागेल, बाकीचं घर लगेच विम्यात. मी सही केली.

निघताना बाईंनी विचारलं, की ओळखीत आणखी कोणाला हवी आहे का. हिने पहिलं नाव सख्ख्या भावाचं सांगितलं आणि तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. दुकानातल्या आठ माणसांचा एकत्र विमा काढायचा होता म्हणे त्याला. महिनाभर वाट बघत होता, की दाजी विचारतील. वीस तारखेला त्यासाठीच आला होता, पण दाजींचा एवढा मोठा धंदा, आपल्या आठ माणसांसाठी त्यांना कुठे त्रास द्यायचा, म्हणून संकोचला. बाईंनी आठ माणसं लिहिली. मेहुणा म्हणाला, नऊ लिहा, उद्यापासून एक वाढतोय. बाईंनी विचारलं, नववा कोण. मी माझं नाव सांगितलं. मला फार लाज वाटली.

असा दुकानातल्या सगळ्यांचा मिळून विमा काढला की जुनी साखरसुद्धा पहिल्या दिवसापासून धरतात, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. मला हे माहीत नव्हतं.