सांताची दाढी आमच्या पेटीतली

१४ डिसेंबर, रविवार

काम मिळालं. सांताक्लॉज व्हायचं.

वीर स्टेशनला उतरलो तेव्हा थेट पोलादपूरकडे घरीच जाणार होतो. पण रिक्षावाल्याने विचारलं, "महाड का रिसॉर्ट?" मी विचारलं, रिसॉर्टला काय आहे? म्हणाला, माणसं घेतायत. मग आधी तिकडे गेलो. घर काय, पळून जात नाही.

मॅनेजर सुशांत सर. पुण्याचे. अनुभव विचारला. मी सांगितलं — गोव्यात शॅकवर दोन सीझन, हैदराबादला कुरिअर, मनालीत घोडा धरायचो. ते म्हणाले, ॲक्टिंगचा अनुभव? मी म्हटलं, आमच्या घरात सोंग आहे, तीन पिढ्या. त्यांना कळेना. मग नीट सांगितलं — शिमग्यात खेळे घरोघर नाचत फिरतात, त्यांच्यात संकासूर असतो. काळा झगा, उंच टोपी, कमरेला घुंगरं, पांढरी लांब दाढी. पोरं घाबरतात, आया नवस बोलतात. आमच्या वाडीत तो मान आमच्या घराला. तीस वर्षं बाबा नाचले.

सरांनी कागदावर लिहिलं — थिएटर बॅकग्राउंड.

क्रूझ म्हणजे पूर्वीची रेतीची बोट आहे. पांढरा रंग दिलाय. धक्क्यावरून निघते, खाडीत वळसा घालते, पाऊण तासात परत. वर थर्माकोलची दोन हरणं. एकाचं शिंग कालच गेलं.


१७ डिसेंबर

घरी एक दिवस.

पोलादपूर स्टँडवर गाडी सुटली. म्हणजे मीच सोडली. एक माणूस टोपलीत सांताच्या लाल टोप्या विकत होता, शेजारी आंबेनळी घाटातून उतरलेली स्ट्रॉबेरी. त्याच्याशी बोलत बसलो. हे संपल्यावर काय विकणार? म्हणाला, तिळगुळाचे डबे. मग झेंडे. मग पिचकाऱ्या. टोपली तीच. मी एक टोपी घेतली. का घेतली माहीत नाही, रिसॉर्टवाले देणारच आहेत.

बाबा ओट्यावर पाय लांब करून बसलेले. गुडघा पपईएवढा झालाय.

"आलास?"

"हां."

"किती दिस?"

"उद्या जातो."

"बरं."

आय म्हणाली, "काम कसलं?" बोटीवर, म्हटलं. "मासे?" म्हटलं, पोरं. तिने पुढे विचारलं नाही. माझी कामं ती अर्ध्यावरच सोडते.

चार जानेवारीला गावकी आहे. वाडीची बैठक. बाबा काही बोलले नाहीत, आयनेच सांगितलं. बाबांना आता नाचता येणार नाही. मी सोंगाला उभा राहतो का, एवढंच विचारणार. नाही म्हटलं तर सोंगाची पेटी दुसऱ्या घरात जाणार, ती परत येत नाही.

मी तीन तारखेचं वीर ते मडगाव तिकीट आधीच काढलंय. हे कुणाला सांगितलं नाही. एकदा दाढी घेतली की जिवंत असेपर्यंत फाल्गुनात गावात. फाल्गुनात मी कुठे असेन हे मला माघात माहीत नसतं.


२० डिसेंबर

पहिली फेरी. पोट उशीचं, दाढी कापसाची.

पॅकेजं आहेत. सिल्व्हर म्हणजे हात मिळवणे आणि एक चॉकलेट. गोल्ड म्हणजे मांडीवर बसणे, फोटो, आणि गिफ्ट. गिफ्ट आईबापांनीच आणायचं, ऑफिसात जमा करायचं. मी पोतडीतून काढून द्यायचं. एका पोराने सायकल मागितली. पोतडीत कंपास होता. दिला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी मनालीचं तिकीट बघू लागलो.

एक म्हणाला, "तू मॉलमध्ये होतास तेव्हा जाडा होतास."

म्हटलं, इथलं पाणी मानवलं नाही.

दुसऱ्याने विचारलं खाडीत मगर आहे का. आहे, म्हटलं. तुझी गाडी ती ओढते का? तेवढ्यात बर्फ सुरू झाला. वरून एकजण थर्माकोलचे दाणे सोडतो. ते भज्यांवर पडतात.


२१ डिसेंबर

घोटाळा झाला. दिशा नावाची सात वर्षांची मुलगी, गोल्ड. मांडीवर बसली, दाढी हातात घेतली, चिमटीने ओढून पीळ दिला. म्हणाली, "ह्याच्या वाती होतात. माझी आजी करते." आणि तिने खरंच एक वात केली. सगळ्या रांगेला दाखवली. मागच्या मुलालाही करायची होती. बोट धक्क्याला लागेपर्यंत माझी हनुवटी दिसायला लागली.

सर म्हणाले, चोवीसपर्यंत खरी वाटेल अशी दाढी आण. नाहीतर महाडला एक कॉलेजचा मुलगा आहे, त्याची स्वतःची आहे.


२२ डिसेंबर

आणली.

घरी कुणी नव्हतं. आय पाण्याला, बाबा देवळात. पेटीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर होती, हाताला लागेल अशी. झगा, टोपी, घुंगरं तशीच ठेवली. फक्त दाढी घेतली. घायपाताच्या वाखाची आहे, आजोबांनी वळलेली. धुपाचा वास येतो, थोडा उंदराचा.

चोरी नाही ही. तीन तारखेच्या आत परत ठेवणार. आणि कुणाला कळणार? मार्चपर्यंत पेटी कुणी उघडत नाही. गावकीच्या दिवशी उघडतात, पण त्याआधीच ठेवणार.


२४ डिसेंबर

एक विचित्र झालं. दाढी बांधली आणि "हो हो हो" निघेना.

नियम आहे — दाढी चढली की बोलायचं नाही. आतला माणूस तेव्हा नसतो. घरच्यांनीसुद्धा ओळख दाखवायची नाही. लहानपणी एकदा मी बाबांना नाचताना "बाबा" म्हणून हाक मारली, तर सोनाबाई म्हातारीने पाठीत धपाटा घातला होता. हे सगळं मी मानत नाही. पण तोंड उघडेना त्याला काय करणार.

सर लांबून हातवारे करत होते, बोल, बोल. मी गप्प. आणि पोरं जी बोलायला लागली! एकजण म्हणाला, मी भावाची पेन्सिल मोरीत टाकली. एक मुलगी म्हणाली, मला डान्सचा क्लास आवडत नाही, आईला सांगशील? मी मान हलवली. मग मला एक तास त्या क्लासची काळजी.

सर फेरीनंतर म्हणाले, "सायलेंट सांता. युनिक आहे. ठेव."


२५ डिसेंबर

चंद्रभागाकाकीने ओळखलं. ती बोटीवर भजी तळते, बिरवाडीकडची आहे, पण माहेर आमच्या शेजारच्या वाडीचं. झारा खाली ठेवून आली. मला नाही बघितलं, दाढी बघितली. पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांसमोर पाया पडली.

मग नातीला घेऊन आली. साक्षी, चार वर्षांची, झोपेत दचकते. शिमग्यात अशा पोरांना संकासुराच्या हातात देतात, भीती जाते म्हणतात. काकीने पोर माझ्या मांडीवर ठेवली. "देवा, भ्या काढून घे हिचं." बाबा जसं करतात तसं मी पोरीच्या डोक्यावरून तीनदा दाढी फिरवली. हात आपोआप गेला. साक्षी दचकली नाही. शिंकली.

रांगेतल्या पोरांनी हे बघितलं. पुढचा मुलगा थेट पाया पडला. त्याच्या मागचाही. आईबापांनी फोन काढले. एक आजी पुण्याहून आलेल्या, त्या म्हणाल्या, बघा, संस्कार.


२६ डिसेंबर

फलकावर नवीन पॅकेज. प्लॅटिनम — सांताचा आशीर्वाद, तीनदा दाढी फिरवून.

मी सरांना म्हटलं, हे असं विकायचं नसतं. ते म्हणाले, का?  नाताळ विकत होतो तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

काकी म्हणाली, "साक्षी रातभर झोपली. पण तुझ्या बापसाला ठावं हाय ना रे, दाढी इथं हाय ती?"

म्हटलं, हो.


२९ डिसेंबर

कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. पोलादपूरच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आयचा फोन. म्हणाली, "बाबांनी बघितलं."

काय म्हणाले?

"कायच नाय. परत लाव म्हणाले. चारदा लावला."


३१ डिसेंबर

बाबा आले.

दुपारची फेरी. रांगेत उभे होते, दोन पोरांच्या मधे. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, काठी. सिल्व्हरचं तिकीट काढलेलं. त्या गुडघ्याने पोलादपूरहून एसटीने आले, मग रिक्षा, मग बोटीवर चढायची ती हलणारी फळी.

पुढच्या मुलाने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही काय मागणार?"

"बघू. काय शिल्लक हाय ते."

मला वाटलं, दाढी ओढतील. सगळ्यांसमोर कानाखाली देतील. बाबा कधी मारत नाहीत, पण मी कधी दाढीही चोरली नव्हती.

नंबर आला. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, माझ्या बुटांपाशी ठेवला. बसता येत नाही म्हणून काठीवर वाकले. हात जोडले. नजर दाढीवर, त्याच्या वर नाही. आणि गाऱ्हाणं घातलं. हळू नाही, नेहमीच्या आवाजात.

"देवा, तीस वरसं माझ्या अंगावर बसलास, मी कधी काय मागितलं नाय. आज मागतो. माझा पोरगा हाय, मंगेश. त्याचा पाय एका जागी ठरत नाय. लहानपणापासून. त्याला बांधून घालू नको. आमच्या घराला धरून बसलायस म्हणून त्याच्या मागं लागू नको. तू दुसऱ्या घरात जा, मी आडवा येणार नाय. तो जाईल तिथं त्याला दोन टायमाला जेवाण मिळू दे. बास."

मी बोलू शकत होतो. नियम कसला, बोट रेतीची, मी सांता, पोटाला उशी. नाही बोललो.

मागून सर म्हणाले, "नेक्स्ट." सिल्व्हरवाल्यांना चॉकलेट मिळतं. मी दिलं. बाबांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि काठी टेकत गेले.

पुढची मुलगी म्हणाली, सांता, तुझ्या डोळ्यात थर्माकोल गेलाय.


३ जानेवारी

काम कालच संपलं. सर म्हणाले, पुढच्या डिसेंबरला ये. मी म्हटलं, बघू.

वीर. मडगावची गाडी दोन तास लेट. प्लॅटफॉर्मवर एक कुत्रं आहे, तीन पायांचं, पण जिना चढतं. त्याला बिस्किट दिलं. दाढी बॅगेत आहे. परत ठेवायची होती, राहिली. कुरिअरने पाठवावी का? पत्ता काय लिहिणार — संकासूर, खुंटीजवळची पेटी?

बाबांनी सोडवलंय. देवाला सांगून सोडवलंय, म्हणजे पक्कं. आता जायला काहीच अडचण नाही. एवढी मोकळीक मला कधी मिळाली नव्हती. बसवत नाही.

कुत्र्याच्या मागे बाहेर आलो. तोच रिक्षावाला. म्हणाला, महाडपर्यंत रिकामाच चाललोय, बसतोस?


४ जानेवारी

गावकी देवळात. भिकाजीतात्या मधे बसलेले, तेच सगळं ठरवतात. पेटी समोर. बाबा उठून उभे राहिले, काठीवर. "यंदापासून आमच्या घरातनं—"

मी बॅग उघडली आणि दाढी पेटीवर ठेवली.

 तात्यांनी दाढी उचलली. "ही बाहेर कशी?"

"मी नेली होती."

"कशाला?"

"पोरांना भेटायला."

सोनाबाई मागून म्हणाली, "मग भेटली का?"

म्हटलं, बरीच.

तात्या बोटाने दाढी चिवडत होते. "ह्ये पांढरं काय अडकलंय?"

"बर्फ."

सगळे हसले. तात्या नाही हसले. म्हणाले, न विचारता नेली, दंड एक नारळ. आणि घरी नेऊन धू. "बर्फ काढ सगळा. शिमग्याला तुलाच बांधायची हाय. का परत पळणार?"

मी म्हटलं, "फाल्गुनात नाय पळणार. बाकी महिन्यांचं सांगत नाय."

तात्या म्हणाले, बाकी महिन्यांशी देवाला काय करायचंय.

परत येताना बाबा काठी टेकत पुढे. बांधावर थांबले. मागे न बघता म्हणाले, "म्हणजे माझं मागणं फुकट गेलं."

"सिल्व्हरचं तिकीट होतं," मी म्हटलं. "सिल्व्हरला चॉकलेटच मिळतं."

त्यांचे खांदे हलले. हसले का, ते मागून कळलं नाही.


२ मार्च

झगा घातला. घुंगरं बांधली. दाढी हातात आहे, अजून बोलता येतं.

आय चहा घेऊन आली. खुंटीकडे बघून म्हणाली, पेटीची किल्ली तीस वर्षं बाबांच्या करगोट्याला. आंघोळीलासुद्धा काढत नव्हते. गेल्या दिवाळीला त्यांनी स्वतः खुंटी ठोकली आणि तिथे टांगली, दाराजवळ, तुझ्या हाताच्या उंचीला.