चष्मेवाल्याच्या हसऱ्या कादंबऱ्यांची निरवानिरव

मी, खाली सही करणार, वय अडुसष्ट, धंदा चष्म्यांचा, लग्न न झालेला, आज माझ्याच दुकानाच्या आतल्या खोलीत, माझ्याच खुर्चीत बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. आणले असते तर मी उलट वागलो असतो, हे घरच्यांना माहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. नजर मी स्वतःच तपासली आहे, तीही ठीक आहे. हृदयाचे तेवढे बिनसले आहे आणि शुक्रवारी त्यावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही," पण ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता कागदाकडे बघितले. म्हणून ही निरवानिरव.

वकीलबाईंनी बजावले आहे की मुद्द्याचे लिहा, फाटे फोडू नका. प्रयत्न करतो.

कलम एक. दुकान आणि त्यावरची राहती खोली माझ्या भाच्याला, म्हणजे ताईच्या मुलाला द्यावी. तो लोकांचे हिशेब तपासतो. दुकान चालवायचे की विकायचे ते त्याने ठरवावे; चालवणार असेल तर एक अट आहे. गिऱ्हाईक नवा चष्मा लावून आरशात बघते तेव्हा दुकानदाराने "शोभतोय हं" असे म्हणायचे असते, शोभो अथवा न शोभो. भाच्याचे म्हणणे, त्याला खोटे बोलता येत नाही. त्याने शिकून घ्यावे.

कलम दोन. बँकेत जे असेल ते ताईला. तिला गरज नाही, पण दिले नाही तर ती भांडायला वरपर्यंत येईल. याच ताईने जन्मभर माझ्या वाचनाला नाके मुरडली. "या वयात हे काय चहाटळ वाचतोस रे? जरा गंभीर वाच की." गंभीर म्हणजे काय, तर ज्यात शेवटी कोणीतरी मरते. मरणाची माहिती मला आज ना उद्या फुकटात मिळणार आहे, त्यासाठी पदरमोड कशाला? मला ती पुस्तके आवडतात ज्यांत दोन शहाणी माणसे एकमेकांसमोर आली की वेडी होतात, जिन्यात घसरतात, भलत्याच्याच घरी फुले पोचवतात, आणि शेवटच्या पानावर सगळे मार्गी लागते. ताई मागे आजारी होती तेव्हा अशाच दोन कादंबऱ्या तिच्या उशीखाली सापडल्या. विचारले तर म्हणाली, "उशी बुटकी होती." ताकाला जाऊन भांडे लपवायची तिची सवय जुनीच आहे.

ताईच्या यजमानांना, म्हणजे भाऊजींना, काहीही देऊ नये. त्यांनी माझी एक कादंबरी डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली घातली, ती अजून तिथेच आहे. कपाट त्यांचे आहे, कादंबरी माझी. ती आधी सोडवून आणावी, मग कपाटाचे काय व्हायचे ते होवो.

कलम तीन. भिंगे घासायचे यंत्र भाच्याकडे दुकानाबरोबरच जाईल. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच मात्र पलीकडच्या रस्त्यावरच्या चष्मेवाल्याला द्यावा. तो चष्मे विकतो, ते ढिले होतात, आणि त्याची गिऱ्हाइके ते घट्ट करून घ्यायला माझ्याकडे येतात. कधी एक शब्द बोललो नाही. आता त्याने आपले आपण घट्ट करावे.

कलम चार. हे कलम कादंबऱ्यांचे. ते नीट समजावे म्हणून माझी कामाची पद्धत सांगणे भाग आहे, वकीलबाईंनी रागावू नये.

वाचायचा चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला काहीतरी वाचायला देऊन बघावे लागते. बाकीचे दुकानदार छापील तक्ता देतात. त्यातली वाक्ये अशी, की धडधाकट माणसालाही झापड यावी. मी माझ्या कादंबऱ्यांतले एकेक पान ब्लेडने अलगद कापून, प्लास्टिकमध्ये घालून ठेवले आहे, तेच वाचायला देतो. माणूस हसला की चष्मा बरोबर. न हसता नुसता डोळे बारीक करत राहिला की भिंग बदलायचे. पान निवडायचे तर पुस्तकातले उत्तम तेच निवडावे लागते, आणि उत्तम पान म्हणजे बहुधा तो तिला विचारतो ते. त्यामुळे माझ्या कपाटातल्या प्रत्येक कादंबरीत ऐन मोक्याचे पान नाही. मला ती सगळी पाठ आहेत, माझे काही अडत नाही.

समोर शिवणकाम करणाऱ्या बाई सुईत दोरा जाईना म्हणून माझ्याकडे आल्या. यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. मी चष्मा चढवला आणि हातात पान दिले. त्यात नायक नायिकेच्या साखरपुड्याच्या दिवशी तिच्याच कपाटात लपतो आणि शिंकतो. बाई इतक्या हसल्या की उठल्या होत्या त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. "मग पुढे काय झालं?" म्हणाल्या. मी पुस्तक दिले. तेव्हापासून दर आठवड्याला त्या नंबर वाढलाय का ते बघायला येऊ लागल्या. नंबर वाढलेला नसायचा. तरी मी दर वेळी सावकाश तपासायचो, नव्या कादंबरीचे पान खुर्चीतच वाचायला द्यायचो आणि मग पुस्तक. पान जुनेपणाने सुटले असावे, असा त्यांचा समज.

मग चहा आणि वाद. त्यांचा राग नेहमी नायकावर. "हा माणूस कामाला कधी जातो हो? सगळा दिवस हिच्या मागे. याचं पोट कसं भरतं?" मी नायकाची बाजू घ्यायचो. असे आनंदाचे दिवस मला आधी कधी मिळाले नव्हते, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

मला त्यांना लग्नाचे विचारायचे होते. तोंडाने विचारणे जमेना, म्हणून मी एक युक्ती योजली. नायक जिन्यात उभा राहून लग्नाचे विचारतो ती कादंबरी त्यांना दिली. ते पान मात्र या वेळी आधी वाचायला न देता खणातच ठेवले. त्या पान मागायला येणार, मी म्हणणार, खुर्चीत बसा, मोठ्याने वाचा. त्या वाचणार, "माझ्याशी लग्न करशील का?" आणि मी इकडून म्हणणार, "हो." पुस्तकात असले सगळे बिनबोभाट जमते.

त्या आल्या खऱ्या, पण हातात कापड कापायची कात्री घेऊनच. "पान कुठंय?" मी खणातून काढून दिले. त्यांनी त्यावरचा मजकूर बघितलाच नाही, कापलेली कड बघितली. "हे तुम्ही कापलंत? सगळ्या पुस्तकांची अशीच पानं कापता? अहो, कापडाला कात्री लावताना माझा अजून हात कचरतो, आणि तुम्ही चांगली पुस्तकं…" पान टेबलावर आपटून त्या गेल्या. माझे म्हणणे, ब्लेड स्वच्छ होते आणि फाडणे वेगळे, कापणे वेगळे. ते मी अजूनही सोडलेले नाही. पण त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आहे.

कादंबरीत असा अबोला आला की उरलेली पाने बोटाने चाचपायची. थोडी उरली असतील तर काळजी नसते. कोणीतरी धावत जाणार, हे ठरलेले असते. मला डॉक्टरांनी धावायला मनाई केली आहे.

तरी माझ्या सर्व कादंबऱ्या आणि कापलेली सर्व पाने समोरच्या बाईंना द्यावीत. त्यांचा हात नेटका आहे, पाने जागच्या जागी बसवतील. जिन्यातल्या प्रसंगाचे पान आधी वाचावे. त्यावर जे विचारले आहे तेच मला विचारायचे होते. मला त्या फार आवडतात. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात असे वकीलबाईंना विचारले. म्हणाल्या, असेच लिहितात.

कलम पाच. हे कलम मागाहून जोडले आहे, कारण मधल्या वेळात घोळ झाला.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचा औषधवाला. दुसरा वकीलबाईंचा कारकून यायचा होता, त्याला ताप आला. औषधवाला म्हणाला, "थांबा, आणतो कोणालातरी," आणि रस्ता ओलांडून नेमका समोरच्या बाईंना घेऊन आला. त्याला मी नंतर बघून घेईन.

वकीलबाई म्हणाल्या, "वाचायची गरज नाही, फक्त यांची सही होताना बघायची."

"न वाचता मी ब्लाउजच्या पावतीवरसुद्धा सही करत नाही," बाई म्हणाल्या आणि चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. भाऊजींच्या कपाटापाशी हसल्या. चौथ्या कलमावर हसायच्या थांबल्या. औषधवाला उगाच भिंतीवरच्या फ्रेमा बघत राहिला.

ते कलम वकीलबाईंनीही त्यांच्या खांद्यावरून बघितले. "अहो, समोरच्या बाई म्हणजे तुम्हीच? मग तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. सही केलीत तर पुस्तकं गेली समजा."

"दुसरं कोणीतरी बघू," मी घाईने म्हणालो.

"पेन द्या," बाई म्हणाल्या.

"बाई, सगळी पुस्तकं जातील."

"जाऊ देत. हे गेल्यावर ती वाचून मला हसू येणार आहे का?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि काय हो, मेल्यावर विचारता? मग मी उत्तर कोणाला देऊ, तुमच्या भाच्याला?"

सगळी पाने पाठ असून मला त्यातले एक वाक्य आठवेना. मी म्हणालो, "आत्ता विचारू?"

"आत्ता नाही. शुक्रवारी मी दवाखान्यात बाहेर बसून राहणार आहे. शुद्धीवर आलात की विचारा. उत्तर हवं असेल तर शुद्धीवर यावं लागेल."

सबब कलम चार रद्द. कादंबऱ्या कोणालाही देऊ नयेत, त्या मला लागणार आहेत. असे मृत्युपत्रात लिहिता येत नाही, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. लिहिले आहे.

ठिकाण: चष्म्याचे दुकान, आतली खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा बुधवार, दुपार.

लिहून देणार: चष्मेवाला (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा औषधवाला (सही). माझ्यासमोर सही झाली. मी मुद्दाम काही केलेले नाही.

साक्षीदार दुसरी: समोरची शिवणकामवाली (सही). माझ्यासमोर सही झाली. यांच्या मागे मला काहीही नको.