यूलिता गाणं शिकली

मादोबाग, सिबेरुत बेट
३ मार्च १९९१

ती. लिदियाताईस,
तोलाइचा शि. सा. न.

आमच्या बाळाला पुरून महिना होत आला, तरी यूलिता माझ्याशी बोलत नाही. दूध दाटून येतं, मग भिंतीकडं तोंड करून बसते बिचारी.

त्यात माझ्या हातून घात झाला. धुक्यात माकड समजून बाण सोडला आणि पडली ती बिलोउची मादी. आपल्यात त्या गाणाऱ्या काळ्या वानराला कुणी हात लावत नाही. तिच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं, जिवंत. मी ते यूलितापुढं ठेवलं, तर तिनं छातीशी धरून पाजायलाच घेतलं! आता जेवते, हसते. म्हाताऱ्या कुरकुरतात, कुरकुरू देत. तू दाई आहेस, तूच सांग, यात वाईट काही नाही ना?

आमच्यावर माया आहेच, थोडी पिल्लावरही कर.
तुझा तोलाइ


पादांग
२ एप्रिल १९९१

चि. तोलाइस अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, बाण सोडण्याआधी शेपूट तरी बघायचीस! बिलोउला ती नसते, आपल्यासारखीच. आमचे डॉक्टर म्हणतात, फार मागं गेलं तर त्यांचे आणि आपले पूर्वज एकच. तान्हं बाळ बोट घट्ट धरतं ना, ती आईच्या केसांना लटकायची जुनी सवय. आपले केस गेले, मूठ राहिली. यूलिताला ती मूठ ओळखीची वाटली असेल. वाचून मला रडू आलं रे.

पण फरकही आहे. बिलोउ आपलं गाणं जन्मताच घेऊन येतं, माणसाला प्रत्येक गोष्ट शिकावी लागते. पिल्लू आज ना उद्या झाडावर जाणार. यूलिताला आत्तापासून समजावत जा, नाहीतर पुन्हा तेच दुःख तिच्या वाट्याला येईल.

दोघं जपून राहा, ताईची आठवण ठेवा.
लिदिया


मादोबाग
२० ऑगस्ट १९९१

ती. ताईस सा. न.

यूलिता शिकली गं. आधी पिल्लाला थोपटताना गुणगुणायची. मग रोज सकाळी अंगणात उभी राहून बिलोउसारखं गायला लागली, हळूहळू चढत जाणारं, आणि झाडांवरून उत्तर यायचं. मी हाक मारली तर मान वळायची नाही. मला भीती वाटायची.

काल झाडं बिलोउंनी भरली होती. पिल्लाकडं एकानंही बघितलं नाही. सगळे तिच्याकडं बघत होते.

म्हाताऱ्या म्हणाल्या, त्या मादीची कवटी उतरव. मारलेल्या जनावराची कवटी आपण घरात टांगतो, तिनं जंगलातून आपले नातलग बोलवावेत म्हणून. रीतीप्रमाणं तीही टांगली होती. उतरवायला गेलो तर यूलितानं माझा हात असा आवळला की रक्त आलं.

आज उठलो तर पिल्लू एकटंच अंथरुणात. गाणं सुरू झालं तसा मी बाहेर धावलो. सगळ्यांत उंच फांदीवरचा आवाज मी ओळखला. माणूस तिथं चढूच शकत नाही, ताई.

कवटीनं नातलगांना बोलावलं खरं. जंगलातून घरात कुणी आलं नाही. घरातून माझी यूलिता गेली.

पिल्लू भुकेनं रडतंय. लोभ राहू दे, आधी तू ये.
तोलाइ