चढावरचा दगड

सातारा,
४ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शिवांजलीचा नमस्कार. मी बरी आहे. तुझी कादंबरी मिळाली. आधी घडलं ते लिहिते.

१. जानेवारी २०१९. परीक्षेचं हॉलतिकीट मी घरी विसरले. आबांना फोन केला.
२. ते घेऊन आबा मोटारसायकलवर इस्लामपूरला निघाले.
३. ओढ्याच्या चढावर रस्त्यात दगड होता. गाडी त्यावर आदळली आणि आबा गेले.

तुझा नायक वडिलांना वाचवायला काळात मागे जातो. गाडीची किल्ली लपवतो, टायरची हवा सोडतो. वडील शेजाऱ्याची गाडी मागून निघतातच. शेवटी तो बहिणीचा फोन लागू देत नाही आणि वडील वाचतात.

आईने पुस्तक वाचलं. मला म्हणाली, "तुजा फोन आला नसता तर त्येनी आज असतं. दादानं लिवलंय त्ये काय खोटं हाय व्हय?" या दिवाळीला तिने मला घरी बोलावलं नाही.

म्हणून तुझे नियम तपासले. दगड उचलायला नायक एकदाही जात नाही. कारण, पूर्वीचे आपण जिथे असू तिथे गेलं तर प्रवासी नाहीसा होतो, असं तू लिहितोस. पण दुसऱ्या प्रकरणात तो शाळेच्या मैदानाशी उभा राहून लहानपणच्या स्वतःची कबड्डी बघतो. त्याला काही होत नाही. म्हणजे हा नियम काळाचा नाही. फक्त त्या चढाचा आहे.

त्या सकाळी चढावर तू होतास. उसाची ट्रॉली पंक्चर झाली, तू चाकामागे दगड लावलास. चाक बदललं, ट्रॅक्टर कारखान्याला नेलास. दगड तिथेच. सगळेच ठेवतात.

मी पोचले तेव्हा आबांना दवाखान्यात हलवलं होतं. दगड ओळखला. आपल्या गोठ्याच्या दारातला, एका बाजूला चुना लागलेला. कुणी बघायच्या आत उचलून सॅकमध्ये टाकला. आईला एकाच दिवशी दोघांना गमवावं लागू नये, असं वाटलं होतं. अजून तो माझ्याकडे आहे.

तुझ्या नायकासारखं मागे जाता आलं, तर मी फोन करीनच. परीक्षा होती. दगड मात्र उचलणार नाही. सगळ्यांना दिसेल असा तिथेच राहू देईन.

पुस्तक तू आबांना अर्पण केलंयस. छान.

आईला तू स्वतः सांग. नाहीतर सोमवारी मी दगड घेऊन घरी जाईन. सांगितलंस की नाही, ते रविवार, १५ डिसेंबरपर्यंत कळव.

शिवांजली